दुसऱ्यातून तिसऱ्यात

गिऱ्हाइकाच्या शब्दावर मिस्त्रीने आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता. "ऑइल मागच्याच वर्षी बदललंय," असं कुणी म्हटलं की तो मान डोलवायचा आणि सरळ गाडीखाली शिरून ऑइलचा वास घ्यायचा. गॅरेजांच्या त्या गल्लीत त्याला 'शंकेखोर' म्हणत, तेही तोंडावर, आणि त्याला मनातून त्याचा अभिमानच होता. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हे त्याचं खास काम. ज्या गाडीला क्लच नसतो, जी पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात आपली आपण जाते, तिचं दुखणं नाजूक असतं. चार ठिकाणी हात लावल्याशिवाय कळत नाही. "नाजूक दुखणं आणि संशयी वैद्य, जोडी छान जमलीय," असं त्याची बायको म्हणायची.

बायको एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. सकाळी उपाशीपोटी ताटकळलेली माणसं चिडलेली असतात. त्यांच्या घरात ती वाऱ्यासारखी शिरायची, बोलता बोलता सुई टोचायची, आणि पेशंट 'आई गं' म्हणेपर्यंत कापूस दाबून, नळी बर्फाच्या पेटीत ठेवून जिन्यात पोचलेली असायची. डावा घोटा पूर्वी मोडून वाकडा जुळला होता, तरी जिना ती धडाधडाच उतरायची. पण गर्दीच्या रस्त्यावर सारखा क्लच दाबून तो घोटा संध्याकाळी टम्म सुजायचा. म्हणून मिस्त्रीने तिच्यासाठी एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. राखाडी रंगाची, पत्रा धड, सीटवर डाग नाही.

विकणारा एक म्हातारा चष्मेवाला होता. खालचं चष्म्यांचं दुकान बंद करून वरच्या खोल्यांत नवराबायको राहत होती. "बायको चालवायची. आता ती बसत नाही या गाडीत," तो म्हणाला, आणि पुढे, "दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना झटका देते," हेही त्याने आपण होऊन सांगितलं. दोष आपण होऊन सांगणारा विकणारा मिस्त्रीने कधी पाहिला नव्हता, त्यामुळे याने काहीतरी मोठं लपवलंय असा संशय त्याला लगेच आला. त्याने गाडी खालून-वरून तपासली. काही सापडलं नाही. म्हाताऱ्याने किल्ली मिस्त्रीच्या हातावर ठेवली, पण त्याची बोटं उगाच जरा वेळ तिला धरून राहिली.

झटका होताच. दुसऱ्यात गाडी छान पळायची आणि तिसरा पडताना मागून कुणीतरी सीटला गुडघा मारल्यासारखं व्हायचं. मिस्त्रीने बाह्या सरसावल्या. गिअरबॉक्सच्या तळाची परात उतरवली, काळपट ऑइल काढून टाकलं, फिल्टर बदलला. परातीतल्या चुंबकाला चिकटलेला गाळ त्याने दोन बोटांत चोळून पाहिला, तर तो काजळासारखा मऊ होता. म्हणजे आत काही तुटलेलं नव्हतं. ऑइलच्या वाटा उघडणारे-मिटणारे छोटे व्हॉल्व्ह एकेक काढून धुतले, त्यातला एक अडखळत होता तो नवा टाकला. इंजिनाखालची रबरं पाहिली. सगळं परत बसवून शेवटी स्कॅनर लावला आणि गिअरबॉक्सची आठवण पुसली.

ही आठवण पुसण्याची भानगड आधी सांगायला हवी. असल्या गिअरबॉक्सला एक छोटा कॉम्प्युटर असतो आणि तो चालवणाऱ्याचा पाय शिकतो. कुणी अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरतं, कुणी जपून टेकवतं. ज्याचा जसा पाय, तशा बेताने तो गिअर टाकतो. दुरुस्तीनंतर जुनं शिकलेलं पुसायचं आणि मोकळ्या रस्त्यावर फेऱ्या मारून नवं शिकवायचं, अशी रीत आहे. गल्लीत याला 'गाडी शाळेत घालणं' म्हणत. इतर मेकॅनिक ही शाळा स्वतःच उरकून टाकत. मिस्त्रीचा नियम मात्र कडक होता: ज्याची गाडी, त्याच्याच पायाने शाळा.

म्हणून बायको चालवायला बसली आणि तो स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी. तिचा पाय तो ओळखून होता. झुरळ दिसल्यावर चप्पल पडते तसा तो पडायचा.

"जरा हळू घे. शिकतंय ते."

"हळू घेतलं तर हळूच शिकेल, आणि मग रोज मलाच उशीर. माझ्याकडे यायचं तर माझ्यासारखं वागायला शिकू दे."

शिकला गिअरबॉक्स. तिसरा गिअर जरा उशिरा, पण विनातक्रार पडायला लागला. परत येताना तिने त्याच्या पाठीत एक थाप मारली, इतकी जोरात की मांडीवरचा स्कॅनर खाली पडला. त्या दिवशी मिस्त्री फार खूश होता.

आठवडा जातो न जातो तोच झटका परत आला.

त्याने स्कॅनर लावला. स्कॅनरवर नुसते आकडे असतात, पण इतक्या वर्षांनी मिस्त्रीला त्यात माणूस दिसायचा. इथे दिसत होता तो माणूस त्याच्या बायकोसारखा अजिबात नव्हता. हा पाय हलका होता, भित्रा म्हणावा इतका. गाडी अलगद काढायची, दुसऱ्यात बेताने न्यायची, आणि तिसरा यायच्या वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पुरता उचलायचा. क्षणभर थांबून परत ठेवायचा. क्लचच्या गाडीवर जन्म काढलेली माणसं असं करतात, क्लच नसला तरी. आता गिअरबॉक्स त्या उचललेल्या पायाची वाट बघत होता आणि बायकोचा पाय तर दाबलेलाच असायचा. म्हणून झटका. कारण स्पष्ट होतं. तिची सवय विसरण्याइतकी ही गाडी दुसरंच कुणीतरी चालवत होतं.

"गाडी कुणाला देतेस का?" त्याने चहा पिताना विचारलं.

"कुणाला देणार? माझी पेटी असते त्यात."

"शिकलेलं सगळं बदललंय."

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुम्ही नीट मारली नसेल." तिने कप विसळला नि ती निघालीसुद्धा.

संशय घरातच पहिला जातो. माडीवरच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ राहायचा, छपाईच्या कारखान्यात कामाला होता आणि बहिणीकडे काहीही मागायला त्याला लाज नव्हती. मिस्त्रीने त्याला आडून विचारलं. मेहुणा हसला. "भाऊजी, मी ती गाडी बाहेर काढली असती तर तुम्हाला स्कॅनरने नाही, पोलिसांनी सांगितलं असतं." हे खरं होतं. असा जपून पाय मेहुण्याला सात जन्मांत जमला नसता.

मिस्त्रीने पुन्हा आठवण पुसली, पुन्हा बायकोकडून शाळा करून घेतली. पुन्हा तोच हलका पाय उगवला.

मग त्याच्या डोक्यात एक माणूस राहायला आला. सावकाश बोलणारा, बेताने हसणारा, नखं स्वच्छ असलेला. गाडी तो चालवायचा आणि त्याची बायको शेजारी बसून हसायची, हे मिस्त्रीला दिवसाढवळ्या, हातात पाना असताना दिसायला लागलं. आपण मूर्खपणा करतोय हे त्याला कळत होतं. पण संशयाचं असं असतं, की तो खोटा आहे हे पटायला आधी त्याचा पुरावा गोळा करावा लागतो. त्याने आरसा कुठे वळलाय ते पाहिलं, शेजारच्या सीटचा वास घेतला. तिथे फक्त स्पिरिटचा वास होता.

ट्यूबला लावायचं पांढरं शंखजिरं गॅरेजात डबाभर असतं. एका सकाळी बायको निघायच्या आधी त्याने त्यातली चिमूट-चिमूट अ‍ॅक्सिलरेटरवर, ब्रेकवर आणि दोन्ही बाजूंच्या पायपुसण्यांवर भुरभुरवली. दुपारी ती आली तशी तिला आत जाऊ दिलं आणि दार उघडून वाकला.

शेजारच्या सीटपुढे पावडर जशीच्या तशी होती. अ‍ॅक्सिलरेटरवर फक्त तिच्या बुटाची नागमोडी नक्षी. ब्रेकवर तीच. त्याला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात त्याची नजर डावीकडे गेली.

क्लचच्या गाडीत जिथे क्लच असतो, त्याच्या बरोब्बर खाली, रबरी पायपुसण्यावरची पावडर पुसली गेली होती. लांबट, गुळगुळीत डाग. नक्षी नसलेल्या मऊ तळव्याने तिथे पुन्हा पुन्हा दाबलेलं होतं. बायकोच्या दोन्ही बुटांना नक्षी होती. शिवाय दुखरा डावा पाय ती नेहमी सीटखाली मागे ओढून बसायची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याने पावडर सारखी केली. दुसऱ्या दिवशी डाग तिथेच होता.

"तुझ्याबरोबर गाडीत कोण असतं?"

ती नळ्यांवर चिकटवायच्या पट्ट्या कापत होती. कात्री थांबली. "काय विचारायचंय ते सरळ विचारा."

त्याने सरळ विचारलं. असल्या गोष्टी विचारायला लागतात तितकेच शब्द वापरले, पण ते तोंडातून बाहेर पडल्यावर परत घेता येणार नाहीत हेही त्याला त्याच क्षणी समजलं.

ती भांडेल असं त्याला वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने किल्ली टेबलावर ठेवली. "इतकी वर्षं लोकांच्या गाड्यांवर संशय घेत आलात, मी हसत आले. आज हसू येत नाही," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती पेटी खांद्याला अडकवून पायी फिरायला लागली. संध्याकाळी घोटा पाण्यात बुडवून बसायची आणि त्याच्याकडे बघायची नाही. घरात भांड्यांचाही आवाज होईना. मिस्त्रीला जेवण जाईनासं झालं. तिचा फटकळपणा, तिची घाई, येता-जाता मारलेले टोमणे, हे सगळं काढून घेतलं तर आपल्या घरात उरतं काय, हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला, आणि त्याचं उत्तर त्याला सोसेना.

गाडी मात्र खोटं बोलू शकत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. तिची आठवण त्याने पुसली, बॅटरीची तार काढली, गॅरेजामागच्या शेडमध्ये ती उभी केली आणि शेडला स्वतःचं कुलूप घातलं. दोन्ही किल्ल्या खिशात. मध्ये काही दिवस गेले. मग एका दुपारी, गल्लीत सगळीकडे ठोकाठोकी चाललेली असताना, त्याने कुलूप काढलं.

पत्रा गार होता. टायरवरची धूळ हललेली नव्हती. किलोमीटरचा आकडा तोच होता. त्याने तार जोडली, स्कॅनर लावला. 'शिकलेलं काही नाही' एवढंच यायला हवं होतं.

हलका पाय आला. अलगद काढलेली गाडी, बेताचा दुसरा, आणि तिसऱ्याच्या तोंडाशी उचललेला पाय.

 मिस्त्रीने वाकून डावीकडच्या पायपुसण्यावर तळहात टेकवला. बाकीचं रबर गार होतं. तेवढी जागा कोमट होती, नुकताच कुणी पाय काढून घ्यावा तशी.

त्याला भीती वाटली.  पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा सुटकेची भावना मोठी होती. बायको खोटं बोलत नव्हती. तो स्वच्छ नखांचा माणूस कुठेच नव्हता. गाडीत जे काही असेल ते असो, आपलं घर आपल्याला परत मिळालं, या आनंदात तो तसाच हात न धुता घरी गेला आणि तिच्यासमोर उभा राहून म्हणाला, "चुकलं माझं. तूच खरी."

"हे कळायला शेडला कुलूप घालावं लागलं?" ती म्हणाली. पण म्हणाली तरी.

हात दाखवून अवलक्षण केल्यावर माणूस ते झाकायची घाई करतो. कोमट रबराबद्दल त्याने तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने गाडीला हात लावला नसता, आणि घोटा रोज सुजत होता. तेव्हा त्याने प्रत्येक गॅरेजातला शेवटचा उपाय केला. गाडी सुधारत नसेल, तर चालवणाऱ्याचा पाय सुधारायचा. गिऱ्हाइकांना तो हे शेकडो वेळा सांगत आला होता.

"हे बघ, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पाय जरा उचलायचा. पूर्ण. आणि मग परत ठेवायचा. झटका बसणार नाही."

"माझा पाय आणि उचलायचा?"

"करून तर बघ."

तिने करून बघितलं. पहिल्यांदा विसरली, झटका बसला, शिवी हासडली. दुसऱ्यांदा लवकर उचलला. मग तिला ताल सापडला. पाय वर, क्षणभर काही नाही, पाय खाली. गाडी लोण्यासारखी तिसऱ्यात गेली. मिस्त्रीने समाधानाने मान मागे टेकली. आपण तिला काय शिकवतोय याचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही, आणि पुढे कितीतरी दिवस तो याच एका गोष्टीवरून स्वतःला शिव्या देत राहिला.

झटका परत आला नाही. त्याने आठवण पुसली नाही, स्कॅनर लावला नाही. चालत्या गाडीला कोण हात लावतो.

आधी तिला उशीर व्हायला लागला. ती दारात थांबून बूट शांतपणे घालायची. जिना कठडा धरून उतरायची. 'घोटा जपतेय, शहाणी झाली,' असं मिस्त्री म्हणाला. त्याने एकदा तेलकट हाताने पांढरा टॉवेल घेतला आणि आता काय ऐकावं लागणार म्हणून खांदे आक्रसले. तिने टॉवेल घेतला, घडी घातली, दुसरा दिला.

"भाऊजी, ताईला काय झालंय?" मेहुण्याने खालच्या आवाजात विचारलं. "काल मी तिचा डबा खाऊन टाकला. ती म्हणाली, असू दे."

"बरं आहे की मग."

"बरं आहे," मेहुणा म्हणाला, आणि बहिणीच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिला.

मग एका पेशंटचा फोन आला. मिस्त्रीनेच घेतला. हे एक आजोबा होते, डोळ्यांनी पूर्ण अधू, दर काही दिवसांनी ती त्यांचं रक्त घ्यायला जायची. "सकाळी जी नवीन बाई आली ती स्वभावाने चांगली होती हो," आजोबा म्हणाले. "हळुवार एकदम. तक्रार नाही माझी. पण पुढच्या वेळी आपली नेहमीचीच पाठवा."

सकाळी त्यांच्याकडे तीच गेली होती. मिस्त्रीने फोन खाली ठेवला. 

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चष्मेवाल्याकडे गेला.

बंद दुकानाचं एक दार किलकिलं होतं. आत काचेच्या रिकाम्या कपाटांसमोर म्हातारा एकटा बसला होता. भिंतीवर अजून तो डोळे तपासायचा तक्ता लटकत होता, वर मोठं अक्षर, खाली बारीक होत गेलेली. डोक्यावर, वरच्या खोल्यांत, कुणीतरी दणादण चालत होतं; भांडं आदळलं, खिडकी धाडकन लागली.

"झटका देते ना?" म्हाताऱ्याने बसा म्हणायच्या आधीच विचारलं.

"काका, ही गाडी तुमच्याआधी कुणाची होती?"

"ते विचारायला मीही गेलो होतो एकदा. घर बंद होतं." म्हातारा पुढे झुकला. "तुमच्याकडे कोण चालवतं?"

"बायको."

"पाय उचलतात त्या? दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना?"

मिस्त्रीने मान खाली घातली.

"आणि डावा पाय. क्लच नाही तिथे, तरी दाबतात?"

"ते मी पाहिलं नाही." पण शंखजिऱ्यावरचा डाग त्याला दिसत होता.

"माझी बायको तशीच चालवायची," म्हातारा म्हणाला. "फार जपून. कुत्रं आडवं गेलं तरी गाडी बाजूला घेऊन रडायची."

वरून आवाज आला, मोठा, खणखणीत. "कोण आलंय? उरका लवकर, किती वेळ?" पाठोपाठ कुणीतरी जिन्याच्या वरच्या पायऱ्या धाडधाड उतरून परत चढून गेलं.

"काकू वरच आहेत की," मिस्त्री म्हणाला.

म्हाताऱ्याने छताकडे पाहिलं. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचा आवाज आला की माणूस पाहतो तसं. 

थोड्या वेळाने तो म्हणाला, "एक विनंती करू? मला एकदा त्या गाडीत बसू द्याल? चालवायची नाही. नुसती सुरू करून ठेवा. मी शेजारच्या सीटवर बसेन. झटका देते तोवर ती त्यात आहे..."

"झटका थांबला, काका. महिना होत आला."

 म्हाताऱ्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि तो परत डोळ्यांना लावायचं विसरून गेला.

"थांबला का," तो म्हणाला. "मग राहू द्या."

मिस्त्री दारापर्यंत पोचला तेव्हा मागून पुन्हा आवाज आला. "मिस्त्री, आता त्यात जे असेल ते पुसू नका."

घराकडे येताना तो जवळजवळ धावत होता.

गाडी दारात उभी होती. बोनेट अजून गरम होतं. बायको नुकतीच आली असावी. तो चालवायच्या सीटवर बसला, स्कॅनर जोडला, किल्ली फिरवली.

आकडे आले.

हलका पाय नव्हता.

पाय जोरात पडत होता. दाबलेला, धीर नसलेला, कुठेही न उचललेला. तिसरा गिअर उशिरा, कारण दुसऱ्यातच सगळं वसूल करायचं. झुरळ दिसल्यावर चप्पल पडते तसा.

गेले कित्येक दिवस हा पाय या गाडीवर कुणी ठेवलाच नव्हता.

मिस्त्रीने गाडी पुढे काढली. स्वतःच्या सवयीने जपून काढली, तर तिने दणका दिला. मग त्याने पाय दाबला, बायकोसारखा. गाडी उसळून निघाली. कोपऱ्यापर्यंत गेली, वळून आली, कुठे अडखळली नाही. शेजारी बसून 'हळू घे' म्हणायचं तेवढं राहिलं होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याने ते पुसलं नाही.

तो परत दाराशी थांबला तेव्हा बायको पायरीवर उभी होती. ती कठडा धरून सावकाश उतरली, शेजारचं दार उघडून आत बसली. हात मांडीवर ठेवले.

"झटका देतेय ना पुन्हा?" तिने विचारलं. "मला सकाळी दिला. भीती वाटली."

"नाही. छान चाललीय."

"पुसून टाका ना ते. तुम्ही पुसता तसं."

"नको."

"बरं," ती लगेच म्हणाली.

तिने आयुष्यात कुठली गोष्ट पहिल्या झटक्यात कबूल केली नव्हती. मिस्त्रीने तिच्याकडे पाहिलं. चेहरा तिचाच होता. कपाळावरचा तीळ तोच होता. ती त्याच्याकडे बघून हसली, बेताने, ओठ न उघडता.

खाली तिचा डावा पाय पुढे आला होता. तिच्या बाजूला ना ब्रेक होता, ना काही. वाकडा घोटा हळूच ताणला जात होता आणि सैल पडत होता.

"तुझ्या भावाला बोलावतो," तो म्हणाला. का म्हणाला ते त्याला कळलं नाही. दार उघडायला तो वळला. एकच क्षण.

स्कॅनर दोघांच्या मध्ये पडला होता. काचेवर नेहमीचा प्रश्न आला होता. तो त्याने आणला नव्हता. 'शिकलेलं पुसायचं?' खाली दोन चौकोन, 'हो' आणि 'नाही'.

तिने हात पुढे केला होता. घाई नव्हती. बोट 'हो'वर टेकलं, जरा उचललं गेलं, क्षणभर तसंच वर राहिलं, आणि मग तिने ते अलगद परत खाली ठेवलं.